चौथीचं नाव

गोव्यात मोसम म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक मासळीचा मोसम, ३१ जुलैला बंदी संपल्यावर सुरू होणारा, आणि दुसरा पर्यटकांचा. तिसराही एक मोसम असतो, पण त्याची दखल सहसा कोणी घेत नाही. तो म्हणजे महाविद्यालयीन धावपटूंचा. पाऊस ओसरला की तो सुरू होतो आणि विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेचे दिवस उरकले की संपतो. एखाददुसऱ्याची विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर त्याच्यापुरता अखिल भारतीय स्पर्धेपर्यंत लांबतो. बाकीच्यांनी धावण्याचे जोडे खाटेखाली सारायचे, ते पुढच्या चवथीपर्यंत.

यंदा या मोसमाशी माझा संबंध आला तो भाचीमुळे. ती सत्तरीतली. रोज तिथून पणजीला ये-जा करण्यात चार तास जातात म्हणून गेली दोन वर्षं माझ्याकडेच राहते. वाणिज्य शाखेत तिसऱ्या वर्षाला आहे आणि ४०० मीटर धावते. कॉलेज माझंच जुनं. तिथले शारीरिक शिक्षणाचे सरही माझ्याच वर्षाचे, आम्ही एकत्र शिकलेलो. मुलांसमोर मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. मुलं पांगली की दोघंही 'तूं'वर येतो.

जुलैत एकदा भाचीला स्कूटरवरून सोडायला गेले होते. पाऊस होता म्हणून व्हरांड्यातच व्यायाम चालला होता. सर जवळ आले आणि माझ्या हातात स्टॉपवॉच ठेवून म्हणाले, ''तूं सरकारी कारकून. आकडे लिहिण्यात तुझा हात कोण धरणार? हे धर आणि वहीत वेळा लिहीत जा.'' वीस वर्षांहून जास्त काळ मी खात्यात आवक-जावक रजिस्टरं लिहिते आहे. तेव्हापासून हे आणखी एक रजिस्टर. सकाळी सहा ते पावणेआठ मैदान, मग घरी येऊन डबा, मग साडेनऊला कचेरीत हजेरीच्या यंत्रावर बोट. बोट कधीकधी लाल मातीचं असतं आणि यंत्र ते ओळखत नाही.

मैदानाबद्दल थोडं सांगायला हवं. टेकडी कापून सपाट केलेला तो तांबड्या मातीचा तुकडा आहे. एका बाजूला चिरेखाणीसारखी उभी कापलेली दरड, दुसऱ्या बाजूला उतार, आणि उताराखाली काजूची झाडं. ४०० मीटरची फेरी त्यात बसत नाही. ओढूनताणून २०० मीटरची बसते, तीही एका कोपऱ्यात चेपलेली. गोव्यात वर्षाकाठी सुमारे १२० इंच पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे विद्यार्थी कॉलेजात येतात तेव्हा मैदान शेवाळाच्या ताब्यात असतं आणि शेवाळ हटतं तेव्हा परीक्षा येतात. पावसात आमचा संघ जिने चढला, आल्तिनोचा चढ चढला, व्हरांड्यात दोऱ्या मारल्या. उघडीप मिळाल्यावर मुलांनीच घरून कोयते आणून गवत कापलं आणि चुन्याची फक्की मारून रेषा आखल्या. दुसऱ्याच दिवशी एक जोरदार सर आली आणि रेषा उतारावरून काजूत गेल्या. पुन्हा आखल्या.

बांबोळीला गोमेकॉच्या आवारात खरी धावपट्टी आहे, सिंथेटिक. २०१४च्या जानेवारीत लुसोफोनिया स्पर्धा झाल्या त्या वेळची. २०२३मध्ये ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा अ‍ॅथलेटिक्सच्या शर्यती तिथेच झाल्या. मधल्या काळात, करोनाच्या वर्षात, इंडियन सुपर लीगचे फुटबॉल सामनेही तिथे प्रेक्षकांविना खेळवले गेले. (गोव्यात धावपट्टी बांधली तरी तिच्या मधोमध फुटबॉल येतोच. मी तक्रार करीत नाही, नोंद करते आहे. रजिस्टराची सवय.) परवानगी मिळेल त्या दिवशी सर संघाला तिथे नेतात. मातीवर सराव करून एकदम त्या पट्टीवर उतरणं सोपं नसतं. मातीत पाय थोडा घसरतो आणि रुततो, तिथे जमीनच पायाला वर ढकलते. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या वेळा सुधारल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पोटऱ्या धरल्या. खिळ्यांचे जोडेही वेगळे लागतात. सिंथेटिकवर खिळा नऊ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही, मातीवर त्याहून बराच लांब चालतो. आमच्या संघात असे जोडे सहाच. पाय वाढला की ते खालच्या वर्गातल्याकडे जातात. भाचीच्या जोड्यांच्या जिभेवर आत तीन मुलींची आद्याक्षरं लिहिलेली आहेत, तिची चौथी.

तर यंदाचा संघ.

बावीस जण आहेत, तेरा मुलगे आणि नऊ मुली. मोठ्या कॉलेजांचे संघ याच्या दुप्पट-तिप्पट असतात. तेव्हा सर्वसाधारण विजेतेपद वगैरे आमच्या गावी नाही, आणि सरही त्याबद्दल बोलत नाहीत. पण काही जणांवर नजर ठेवण्यासारखं आहे.

सर्वांत आधी खोतीगावचा मुलगा. काणकोणातल्या त्या जंगलाच्या गावाहून शिकायला आलेला, वसतिगृहात राहतो, बोलतो फार कमी. ५,००० आणि १०,००० मीटर धावतो. प्राथमिक शाळेसाठी रोज तीन-चार किलोमीटर चालत जायचा, उशीर झाला की पळत जायचा, एवढंच त्याचं लहानपणचं प्रशिक्षण. आमच्या मैदानावर १०,००० मीटर म्हणजे पन्नास फेऱ्या. मोजायला सोपं जावं म्हणून मी घरून चिंचोके नेते. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत दर फेरीला एक. ऑगस्टच्या एका उघडिपीत मी चिंचोके टाकत असताना कचेरीतून फोन आला. कुठल्याशा फाईलचा क्रमांक हवा होता. बोलता बोलता एक चिंचोका राहिला असणार. तो धावत राहिला, मी घड्याळ थांबवलं, वेळ लिहिली आणि मला वाटलं, आज जरा मंदच होता. दोन दिवसांनी तो हळूच म्हणाला, ''मावशी, त्या दिसा एकावन जाल्ल्यो.'' मी विचारलं, मग थांबला का नाहीस? तर म्हणाला, ''तुमी हात वर करूंक ना.'' यंदा आमच्या संघाला कुठलं पदक हमखास असेल तर ते याचं. माझ्या वाट्या मी आता दोन केल्या आहेत आणि फोन स्कूटरच्या डिकीत ठेवते.

मग चोडणची गोळाफेकवाली. पहाटे फेरीबोटीने रायबंदरला उतरते आणि तिथून बस पकडते. मुलींचा गोळा चार किलोचा असतो. कॉलेजात तो एकच आहे आणि तो घरी न्यायला मिळत नाही. म्हणून ती वडिलांच्या पसऱ्यातलं पाच किलोचं लोखंडी वजन घेऊन परसात सराव करते. वजनाला वर कडी असते, ते गोळ्यासारखं मानेला टेकवता येत नाही. सरांनी बजावलं, त्याने मनगट दुखावेल, फेकू नकोस, नुसतं उचल आणि वळ. तेव्हापासून ती नुसती वळते. तिची आई माझ्या भाचीला म्हणाली, आमच्या चेडवाक कितें जालां कळना, परसांत एकटींच घुंवता. मागच्या वर्षी ती पाचवी आली होती. यंदा तिचा गोळा दीड-दोन हात पुढे पडतो आहे. पहिल्या तिघींत आली तर मला नवल वाटणार नाही.

भालाफेकीत एक मुलगा आहे तो मुळात फुटबॉलचा गोलरक्षक. ७ ऑगस्ट २०२१ला टोकियोत नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळवलं तेव्हा हा शाळेत होता. त्या संध्याकाळी गावातल्या सगळ्या पोरांनी माडाच्या पिड्ड्याने भालाफेक केली म्हणे. बाकीच्यांचं वेड आठवड्यात उतरलं, याचं राहिलं. खांदा चांगला आहे, पळत येणं मात्र अजून गोलरक्षकासारखं, थांबत थांबत. फुटबॉलवाल्यांची तक्रार अशी की भाला मैदानाला भोकं पाडतो. म्हणून याला दरडीकडून उताराकडे फेकावं लागतं आणि भाला काजूत जातो. गंमत म्हणजे भाल्याला जागा न पुरणं ही जुनी अडचण आहे. १९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर फेक केली आणि मैदानं अपुरी पडतील या भीतीने १९८६पासून पुरुषांच्या भाल्याचा तोल बदलण्यात आला. आमचा मुलगा काही शंभर मीटर फेकत नाही. आमचं मैदानच लहान.

बाकी लांब उडीत दोघे बरे आहेत, १०० मीटरमध्ये मुलगे यथातथाच. आणि भाची. तिची ४०० मीटरची वेळ जुलैत ६८ सेकंद होती, आता बांबोळीच्या पट्टीवर ६५.४. पहिल्या तीनशे मीटरपर्यंत ती सुंदर धावते. मग शेवटच्या शंभरात कोणीतरी मागून पदर धरल्यासारखी होते. तिला मी एकदा सांगितलं की १९८४च्या लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषा याच अंतरात वाटेतले दहा अडथळे ओलांडून ५५.४२ सेकंदांत पोचली होती आणि तरी सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक हुकलं. धीर यावा म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली, ''मावशे, तूं काय बोलूं नाका. तूं फक्त वेळ सांग.''

आता या सगळ्यांच्या वाटेत मोसम काय काय आणून ठेवतो ते बघा. चवथीच्या आधी पंधरा दिवस निम्मा संघ घुमट-आरतीच्या तालमीत. चवथीत दीड दिवस, पाच दिवस, सात दिवस, ज्याचं जसं असेल तसं, कोणी येत नाही. दसरा, मग दिवाळी. दिवाळीचं नाव काढलं की सर डोक्याला हात लावतात. पंधरा-वीस दिवस मुलगे रात्र रात्र जागून नरकासुर बांधतात आणि सकाळी मैदानावर येतात ते डोळे चोळत, बोटांना खळ चिकटलेली. एकदा १०० मीटरच्या सुरुवातीला हात टेकून बसलेला मुलगा शिट्टी वाजली तरी उठलाच नाही, झोपला होता. त्यानंतर सत्र परीक्षा. परीक्षा संपते तोवर गावोगावच्या जत्रा आणि कालोत्सव सुरू झालेले असतात, आणि जत्रा म्हटली की नाटक. गोव्यातला मराठी माणूस आणि नाटक यांच्यामध्ये कुठली शर्यत येणार?

हे शेवटचं वाक्य मी हसत लिहिलं, पण ते हसण्यासारखं नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी रिले. सरांचा सगळा जीव यंदा मुलींच्या चार गुणिले शंभर मीटर रिलेवर आहे, आणि त्याला कारण आहे. एकेकट्या शर्यतीत मोठ्या कॉलेजांच्या मुलींना हरवणं आमच्या मुलींना कठीण. रिलेत मात्र हातातली बॅटन किती वेगाने पुढे जाते याला महत्त्व. चार उत्तम धावणाऱ्या मुली बॅटन देता-घेताना थबकल्या तर चार मध्यम मुली त्यांना गाठतात. बॅटन म्हणजे एक फूटभर लांबीची पोकळ नळी, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. ती ठरलेल्या पट्ट्यातच दुसरीच्या हातात गेली पाहिजे. आमच्या वेळी हा पट्टा वीस मीटरचा होता आणि त्यामागे वेग घ्यायला दहा मीटर वेगळे असत. आता दोन्ही एक करून तो तीस मीटरचा केला आहे. घेणारीने मागे वळून बघायचं नाही, यातच सगळी मेख आहे. ती स्वतःच्या पावलांनी मागे मोजून जमिनीवर पट्टी चिकटवते. मागची मुलगी त्या पट्टीवर आली की हिने सुटायचं, पूर्ण वेगाने, न बघता. मागचीने ओरडायचं की हिने हात मागे करायचा.

ओरडायचं काय, यावरून मैदानावर एक दिवस चर्चा झाली. 'हॅंड' म्हणावं, 'स्टिक' म्हणावं? शेवटी ठरलं, 'घे'. मराठीतही घे, कोंकणीतही घे. आपल्याकडे इतकी वर्षं जो वाद मिटला नाही तो आमच्या चार मुलींनी एका अक्षरात मिटवला.

या रिलेला गोव्याच्या नावाशी जोडलेला एक जुना धागा आहे आणि तो आपल्या मुलींना कोणी सांगत नाही म्हणून मी सांगितला. १९५४च्या मनिला आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी ४ x १०० मीटर रिलेचं सुवर्णपदक जिंकलं. त्या चौघींत दोघी डिसोझा होत्या, मेरी आणि स्टेफी. मेरी डिसोझा मूळ गोंयकार कुटुंबातली, वाढली वांद्र्यात. १९५१च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत तिला २०० मीटरचं कांस्य आणि रिलेचं रौप्य मिळालं होतं. १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकला भारताकडून मोजून चार स्त्रिया गेल्या, त्यांत ती होती. हॉकीही खेळायची. तिला ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ साली, धावल्याला साठेक वर्षं झाल्यावर. मुलींनी ऐकून घेतलं. चोडणची म्हणाली, ''मॅडम, साठ वर्सां?'' मी म्हटलं, हो. आपल्या खात्यातल्या फायली त्या मानाने वेगाने हलतात.

आमच्या रिलेत भाची दुसरी धावते, आणखी दोघी आहेत पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्याला. शेवटचा टप्पा जिचा आहे ती आमची सर्वांत वेगवान मुलगी. मातीवर १३.६ सेकंदांत शंभर मीटर धावते. जुलै-ऑगस्टमध्ये चौघी एकत्र होत्या तेव्हा बांबोळीला एकदाच पूर्ण रिले धावून बघितली. ५४.८ आले. सरांनी घड्याळ माझ्या हातातून घेऊन स्वतः बघितलं. मागच्या वर्षी एवढ्या वेळेत तिसरा क्रमांक मिळाला होता, असं ते म्हणाले आणि मुलींना काही न सांगता लांब जाऊन उभे राहिले.

चवथीनंतर ती मुलगी आली नाही. एक आठवडा, दोन आठवडे, आता चौथा चालू आहे. तिचे वडील खाजगी बसवर ड्रायव्हर. पाय मोडून घरी बसले आहेत. ही संध्याकाळी एका फार्मसीच्या काउंटरवर कामाला लागली आहे, रात्री साडेनऊला सुटते, घरी पोचायला साडेदहा. वर्गात येते, हजेरी लावते. सकाळी सहाला मैदानावर येण्याइतकी झोप मात्र उरत नाही. तिच्या जागी दुसरी मुलगी उभी करून बघितली. मन लावून धावते बिचारी, पण तिसरीने 'घे' म्हटलं की ती दर वेळी मागे वळून बघते.

सर एकदा माझ्याकडे वळून म्हणाले, ''तूं तिच्याशी बोल. बायकांचं बायकांना कळतं.''

मी हो म्हटलं आणि चार दिवस टाळलं. का टाळलं, ते सांगायचं तर मला २००० सालात जावं लागेल.

तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते, मराठी घेऊन बी. ए. करत होते. कॉलेजच्या मुलींच्या रिलेत तिसऱ्या टप्प्याला धावायचे. चौघीच होतो, पाचवी नव्हती. मातीचं मैदान, चुन्याच्या रेषा, लाकडी बॅटन. स्पर्धा हिवाळ्यात होती आणि रिलेची प्राथमिक फेरी सकाळी पहिलीच. आदल्या रात्री आमच्या गावचा कालोत्सव. गावातल्या मुला-मुलींनी मिळून ऐतिहासिक नाटक बसवलं होतं आणि मी येसूबाई होते. दोन महिने तालमी केल्या होत्या. नाटक रात्री अकराला सुरू व्हायचं ते साडेबाराला सुरू झालं, आणि संपलं तेव्हा पूर्वेला उजाडत होतं. मला प्रत्येक प्रवेशाला टाळ्या मिळाल्या. देवळाच्या अग्रशाळेत तोंडावरचा रंग पुसला, चहा घेतला. सहाची कदंब गाठायची होती. पाच मिनिटं भिंतीला टेकून बसते म्हटलं.

जाग आली तेव्हा साडेनऊ वाजले होते.

पणजीच्या मैदानावर आमच्या कॉलेजचं नाव तीनदा पुकारलं. तिघी आपापल्या जागी जाऊन उभ्या होत्या, तिसऱ्या टप्प्याची जागा रिकामी. चौथीला, म्हणजे शेवटच्या टप्प्यावाल्या मुलीला, शंभर मीटर लांबून फक्त ती रिकामी जागा दिसत होती. मग पंचांनी तिघींना बाहेर काढलं. हे मला नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले आणि सांगितलं, जोर आयला होता. माझा चेहरा उतरलेलाच होता, आवाज बसलेला होता. त्यांनी विश्वास ठेवला. एकीने तर डबा आणला होता माझ्यासाठी, पेज आणि लोणचं.

त्या तिघींतली एक आता इंग्लंडमध्ये आहे, एक डिचोलीला शाळेत शिकवते, एक बँकेत. चवथीला फोन होतात. पंचवीस वर्षं मी त्यांच्याकडे त्या तापावरच निभावून नेलं आहे. भाचीलाही कधी सांगितलं नव्हतं. नाटक चांगलं झालं होतं, हीच खरी अडचण आहे. वाईट झालं असतं तर सांगणं सोपं गेलं असतं.

मागच्या शनिवारी मुलं गेल्यावर मी सरांना हे सांगून टाकलं. म्हटलं, त्या मुलीशी मी कुठल्या तोंडाने बोलू? ते चुन्याची पिशवी बांधत होते. वर न बघता म्हणाले, ''माका खबर आशिल्लें.'' मी विचारलं, कधीपासून? ''तेन्नाच. तुका जोर न्हय गो, तुजो ताळो बसलेलो. जोर आयिल्ल्या मनशाचो ताळो असो बसना. आमच्याय गांवांत नाटकां जातात.''

एवढी वर्षं त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मी विचारलं, का नाही सांगितलंस? त्यांनी पिशवी उचलली आणि म्हणाले, चल, तुझी हजेरी चुकेल.

सोमवारी कचेरी सुटल्यावर मी त्या फार्मसीत गेले. काही घ्यायला हवं म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, त्या तशा लागतातच. मुलगी काउंटरच्या मागे उभी होती, पांढरा कोट तिला दोन मापं मोठा. मला बघून हसली, मग घाबरली. मालक गल्ल्यावर होते. मी बिल होईपर्यंत एवढंच विचारलं, पाय कसे आहेत वडिलांचे? म्हणाली, प्लॅस्टर काढलंय, बसवर बसायला अजून दोन महिने. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ती स्वतःहूनच बोलली. ''मॅडम, रात्री घरी पोचले की मी रस्त्यावर धावते थोडं. कुत्रे मागे लागतात, त्यामुळे वेग येतो.'' आणि हसली. मग विचारलं, ''दुसरी कोणी मिळाली?''

आमच्या पिढीला सवय असते, अशा वेळी एखादं भाषण द्यायचं. संघ, जबाबदारी, तिघी तुझी वाट बघताहेत वगैरे. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण मी नाटकासाठी झोपले होते आणि ही घरचा किराणा आणायला जागते आहे. मी म्हटलं, मिळाली आहे, पण ती मागे वळून बघते. ती म्हणाली, ''तिला सांगा, पट्टी दोन पावलं पुढे घे. उशिरा सुटली की बघायची भीती वाटत नाही.'' तोवर एक गृहस्थ खोकल्याचं औषध मागायला आले. निघताना तिने मला उरलेले पैसे दिले आणि हळूच म्हणाली, ''आयतारा दुकान बंद. आयतारा येतां.''

प्रवेशअर्ज शुक्रवारी द्यायचा होता. माझं अक्षर बरं म्हणून सरांनी तो माझ्याकडेच भरायला दिला. क्रीडाप्रकार, नाव, वर्ग, जन्मतारीख. खोतीगावच्या मुलाची जन्मतारीख १ जून निघाली. त्याच्या पिढीतही अजून मास्तरांनी दिलेल्या तारखा आहेत हे बघून गंमत वाटली. गोळाफेक लिहिली, भाला लिहिला, भाचीच्या ४०० मीटरसमोर तिचं नाव लिहिताना जरा जास्तच वळणदार लिहिलं. रिलेच्या रकान्यात तीन नावं शाईने लिहिली. चौथ्या ओळीपाशी थांबले. सर म्हणाले, दोघींचीही लिही, एक राखीव म्हणून. खरं म्हणजे तसं करता येतं आणि तसंच केलं. पण कोण धावणार आणि कोण राखीव, ते खुणेने दाखवायचं असतं, आणि ती खूण मी पेन्सिलीने केली आहे. विद्यापीठात अर्ज गेला तो तसाच. पेन्सिलीची नोंद ग्राह्य धरत नाहीत हे मला ठाऊक आहे, मी स्वतः तसे अर्ज परत पाठवते.

आज शनिवार. भाची खिळ्यांच्या जोड्यांतली माती सुरीच्या टोकाने काढते आहे. नाचण्याची तिजान भिजत घातली आहे, उद्या चौघींसाठी थर्मासातून न्यायची. पाऊस पुन्हा येतो की काय असं आभाळ आहे. पर्समध्ये पांढऱ्या चिकटपट्टीचं रिळ टाकलं आहे, पावलं मोजून लावायला. जुन्या वहीत तिची पावलं चोवीस लिहिलेली आहेत. दोन पावलं पुढे घेतली तर बावीस. दोन्ही ठिकाणी लावून बघू.